कांडीचं अंथरूण

त्या शनिवारी पाण्याचा दिवस होता. पाच दिवसांनी नळ आला की बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणी कुणाला ओळख देत नाही. बादल्या, घागरी, पिंप, पातेली, शेवटी चहाचं भांडंसुद्धा भरून घेतात आणि मगच माणसं एकमेकांशी बोलतात. राजश्रीची आई मनकर्णा सकाळी सहापासून जिन्यावरून घागरी वर नेत होती. राजश्री दोनदा म्हणाली, "आई, मी आणते, तू बस." आई म्हणाली, "तू पुस्तकं उचल. तुझ्या हातनं निम्मं पाणी जिनाच पितो."

राजश्री एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. चव्वेचाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. दोन खोल्यांच्या त्या घरात मायलेकी दोघीच. वडील, हणमंत, त्यांची गिरणी बंद पडल्यावर चार वर्षांनी गेले होते. धाकटा भाऊ सतीश टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तो बायको बुद्धप्रियासोबत दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. घरात शिकलेलं माणूस एकच, राजश्री. औषधाच्या चिठ्ठ्या तीच वाचायची, आणि कुणाला काय झालंय तेही तीच सांगायची.

अकराच्या सुमाराला सावित्रम्मा आली. ती आणि आई एकाच कारखान्यात, एकाच खात्यात सव्वीस वर्षं शेजारी शेजारी बसलेल्या. तयार टॉवेलांच्या कडांना लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, एवढंच काम. आई निवृत्त झाली. सावित्रम्मा अजून जायची. आज तिच्या हातात एक टॉवेल गुंडाळलेला होता आणि तो टॉवेल हलत होता.

"घे गं मनकर्णा. चार होते. आई टेम्पोखाली गेली यांची. तीन मेले, हे एक राहिलं."

"मावशी, आमच्याकडे नको," राजश्री आतूनच म्हणाली.

"तुला कोण विचारलं? मी हिला देतंय. तुझ्या पुस्तकाला खात नाही ते."

टॉवेलातून एक भुरं तोंड बाहेर आलं. पोटाखाली पांढरं, डोळे अजून निळसर, आणि आवाज असा की मागाला तेल हवंय. आईनं ते तळहातावर घेतलं. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात, तेवढंच.

"कांडीएवढी हाय की गं," आई म्हणाली. नाव पडलं ते असं. आता ते कोण बदलणार?

बशीत म्हशीचं दूध आलं. कांडीनं नाक बुडवून ते प्यायलं, शिंकली, पुन्हा प्यायलं. तास-दीड तासात त्याचं जे व्हायचं ते झालं, आणि ते झालं ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकावर. राजश्रीनं आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नसे. ती पुस्तक पुसत म्हणाली, "उद्या सकाळी हे परत मावशीकडे गेलं पाहिजे."

"लेकरू हाय गं. शिकंल."

"ती शिकेपर्यंत निस्तरणार कोण? मला आता कुणाचं काही करायचं नाही, आई."

आईनं बुटाचं एक रिकामं खोकं घेतलं. माळ्यावरून सुताच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं गाठोडं काढलं. उशा भरायला म्हणून कारखान्यातून वर्षानुवर्षं आणलेलं ते सूत. ते मूठ मूठ पिंजून तिनं खोक्यात पसरलं आणि वर जुन्या टॉवेलाचा तुकडा घातला. तिच्या दोन्ही लेकरांचं पहिलं अंथरूण असंच होतं.

तीन वाजता ती मधल्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. कांडी तिनं पोटाशी धरली होती.

"राजे, जबडा दुखतोय गं."

"दाढ असेल."

"ह्या बाजूला दाढ कुटली? कवाच पडल्या त्या. पाठीत बी भरून आलंय. कसंतरीच होतंय."

राजश्रीनं पुस्तकातून डोळे वर केले. तिनं वाचलेलं होतं. वाचल्याशिवाय तिच्या हातून एक कागद सुटत नसे, भेळेचासुद्धा. बायकांचं हृदय बिघडतं तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, उगाच घाम येतो. ते सगळं तिच्या डोक्यात आलं, नीट, ओळ आणि पानासकट. आणि त्याच वेळी तिला आईच्या पोटाशी धरलेलं ते मांजर दिसलं.

आईला हवं ते मिळवायची एक रीत होती. नवा टीव्ही हवा होता तेव्हा तिचे डोळे आठवडाभर दुखत होते, आणि टीव्ही आला त्या संध्याकाळी बरे झाले. चैत्यभूमीला जायचं होतं तेव्हा दोन दिवस जेवण जात नव्हतं. मायलेकी दोघींनाही हे ठाऊक होतं, दोघी त्यावर हसायच्या. राजश्री मनात म्हणाली, सोंग. मांजरासाठी.

"चाळीस घागरी भरल्यास, पाठ दुखेल नाहीतर काय होईल? अपचन झालं असेल. सोडा-लिंबू देते, पड जरा."

आईनं सोडा-लिंबू घेतलं, मोठ्यांदा ढेकर दिला. "गेलं बघ," म्हणाली, आणि आडवी झाली. राजश्रीनं राहिलेली साठ पानं संपवली. संध्याकाळी आईनं अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली. म्हणाली, "सकाळी कुसकरून खाईन."

रविवारी सकाळी ती उठली नाही. राजश्री चहा घेऊन गेली तेव्हा कांडी तिच्या पोटाच्या वळणात झोपलेली होती. त्या अंथरुणात तेवढीच ऊब उरली होती.

सतीश धावत आला, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी डोळे पाहिले, मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. मग कागद काढून विचारलं, "काल काही तक्रार होती? छातीत, हातात, जबड्यात दुखणं?"

सतीश राजश्रीकडे बघत होता. गल्लीतल्या बायका दारात होत्या.

"नाही," राजश्री म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली, लिहिलं. झालं, एवढंच. एका शब्दाचं काम होतं.

त्यानंतर त्या शब्दावर माणसांनी किती बांधकाम केलं! झोपेत गेली. कुणाचा हात लागला नाही. सावित्रम्मा भिंतीला टेकून रडत म्हणाली, "अशी मौत कुणाला मिळतंय सांग? नशीब काढलं मनकर्णानं." प्रत्येक जण राजश्रीचा हात धरून हेच सांगायचा, जणू तिला काहीतरी द्यायला आलाय. ती मान हलवून ते घ्यायची.

सातव्या दिवशी जलदानाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फोटोला हार, मेणबत्त्या, उदबत्ती. बौद्धाचार्य पुढे म्हणत होते आणि सगळे मागून पंचशील म्हणत होते. राजश्रीला ते लहानपणापासून पाठ होतं, श्वासासारखं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तिनं तोंड हलवलं. आवाज निघाला नाही.

मग माइकवर एकेक जण आदरांजली वाहायला उठला. सतीश म्हणाला, "माझ्या आईनं आयुष्यात कुणाला तरास दिला न्हाय. जाताना बी न्हाय. माझी अक्का तिच्यापाशी व्हती, हेच आमचं समाधान." त्यानं माइक राजश्रीपुढे धरला. हजारो पुस्तकांतली ही बाई काय सुंदर बोलेल म्हणून माणसं सरसावून बसली. ती म्हणाली, "आई गेली." मग एवढंच, "आलात सगळे, बरं वाटलं." लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही.

कांडीचं काय करायचं, हे दुसऱ्याच दिवशी निघालं. बुद्धप्रिया भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, ते मांजर सावित्रम्माला परत देऊ या का? तुमी कॉलेजला गेल्यावर त्याचं कोण बघंल?"

"राहू दे."

"तुमाला तर आवडत न्हाई."

"राहू दे म्हटलं ना."

तिला कांडी आवडत नव्हतीच. तिच्याकडे बघवत नव्हतं. पण त्या दुपारी तिनं दोघींपैकी एकीचं ऐकून घेतलं नव्हतं; आता उरलेलीचं घेतलं पाहिजे, असं काहीसं तिच्या मनानं धरलं. ते प्रेम नव्हतं. शिक्षा भोगायला माणूस ठरल्या वेळी हजर राहतं, तसं ते होतं.

सात रस्त्याजवळ डॉक्टर सोनम यांचा जनावरांचा दवाखाना होता. तिशीच्या बाई, हातांवर ओरखडे, बोलणं तुटक. त्यांनी कांडीची शेपटी उचलून पाहिली, हिरड्या पाहिल्या.

"पाच आठवड्यांची असेल. काय देता?"

"म्हशीचं दूध."

"बंद करा."

"पण मांजर म्हटलं की दूधच…"

"गोष्टीतलं मांजर. खऱ्याला जुलाब होतात, आणि एवढंसं पिल्लू जुलाबानं दोन दिवसांत जातं. पिल्लांची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात. बरोबर उकडलेल्या कोंबडीचा बारीक चुरा, अंड्यातलं पिवळं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. पाणी कायम भरलेलं. आज जंताचं औषध देते. आठ आठवड्यांची झाली की लस. आणि ऊब पाहिजे. झोपते कशावर?"

"टॉवेलवर," राजश्री म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"चालेल. धुऊन घेत जा. घरात दोरे, रबर, पिशव्या पडू देऊ नका, मांजर गिळतं. आणि तिच्याशी खेळा. दिवसभर एकटं पडलेलं पिल्लू धड वाढत नाही."

घरी येऊन राजश्रीनं सगळं तसंच केलं. परीक्षेला बसल्यासारखं केलं. रबरं काढून डब्यात घातली, शिवणाची पेटी माळ्यावर ठेवली, फुटक्या पाटीत वाळू आणून कोपऱ्यात ठेवली. मधल्या सुट्टीत रिक्षा करून घरी यायची, कोंबडीचा चुरा भरवायची आणि परत जायची. ग्रंथालयातला शिपाई महादेवप्पा म्हणाला, "मॅडम, घरी कुणी आजारी आहे काय?" ती म्हणाली, "नाही, लहान आहे."

एक खोकं तेवढं तिनं बदललं नाही. वरचा टॉवेल दर रविवारी धुवायची. खालचं सूत तसंच. आईनं ते पिंजलं होतं. त्यात हाताच्या चिमटीचे खळगे अजून दिसत होते. आणि तो दोरा आहे हे तिच्या मनात आलंच नाही. दोरा म्हणजे सुईतला, पतंगाचा, पुडीचा. ह्या घरात सूत सगळीकडे होतं: उशीत, गोधडीत, आईच्या पदराला चिकटलेलं, भाकरीच्या पिठातसुद्धा एखादा तंतू. त्यावर झोपून इथली माणसं मोठी झाली होती. सुतानं कधी कुणाचं वाईट केलंय?

कांडी वाढत गेली. पोट गोल झालं, डोळे निळ्याचे पिवळे झाले. ती पडद्यावर चढायला शिकली, उतरायला शिकली नाही. वर लटकून ओरडायची. एकदा आरशातल्या मांजराला घाबरवायला अंग फुगवून आडवी आडवी चालत गेली आणि स्वतःच घाबरून भाताच्या पातेल्यात पडली. राजश्री हसली. रिकाम्या घरात स्वतःचं हसू ऐकून ती एकदम थांबली, आणि फोटोकडे पाठ करून तिनं तो भात काढला. पण तेव्हापासून ती कांडीला उगाचच उचलायला लागली. छातीवर घेतलं की ती घुरघुरायची. छोटं यंत्र चालल्यासारखं ते आत उतरायचं, आणि तेवढा वेळ राजश्रीला त्या शनिवारचे तीन वाजलेले दिसायचे नाहीत.

एरवी दिसायचे. भाजी निवडताना दिसायचे. पुस्तक उघडलं की तर हमखास. तिनं वाचणं जवळपास सोडलं होतं. कितीदा वाटलं, सतीशला सांगावं. तो रोज संध्याकाळी कामावरून सुटला की यायचा, आईच्या खाटेवर बसायचा, चहा प्यायचा. म्हणायचा, "अक्का, निदान तरास झाला न्हाय तिला." हे तो स्वतःला समजवायचा, आणि त्याला ते पुरत होतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं? की ते तसंच ठेवायचं आणि त्याचा विश्वास रोज चहाबरोबर प्यायचा? ती दुसरा कप ओतायची.

आई गेल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी कांडीनं चुऱ्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी पिवळं पाणी ओकली. रविवारी सकाळी ती खाटेखाली पाय पोटाशी घेऊन, पाठ कमानीसारखी करून बसलेली होती. हाक मारली तर कान हलला, मान नाही.

सतीश सुट्टीचा म्हणून सकाळीच आला होता. वाकून बघत म्हणाला, "काय न्हाई, अपचन झालंय. ओवा दे पाण्यातनं."

तो शब्द कानावर पडताच राजश्री खाली बसली, कांडीला बाहेर ओढलं, अंगठ्यानं तोंड उघडलं. जिभेखाली पांढरं काहीतरी रुतलं होतं. एक धागा. तो मागे घशात गेला होता.

तिचा हात विचारायला थांबला नाही. ह्या घरातल्या प्रत्येकाचा हात तसाच होता. लोंबता धागा दिसला की चिमूट पुढे जाते. आईनं सव्वीस वर्षं तेच केलं होतं, सतीश दिवसभर तेच करत होता. राजश्रीनं धागा चिमटीत धरला आणि ओढला. बोटभर आला. मग आत कुठंतरी अडला, आणि कांडी अशी किंचाळली की गल्लीतली कुत्री भुंकली.

तिनं सोडून दिलं.

"अगं, असं हळू न्हाय," सतीश पुढे सरला, "इकडं दे. एका झटक्यात निघंल. सुताचं मला सांगू नगो."

"हात लावू नकोस."

"अक्का, मी जॉबर हाय…"

"हात लावू नकोस म्हटलं ना! गाडी काढ."

तिचा असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. त्यानं गाडी काढली.

रविवार होता, दवाखान्याला कुलूप होतं. दारावरच्या नंबरावर फोन केल्यावर डॉक्टर सोनम पंधरा मिनिटांत आल्या, ओल्या केसांनीच. टेबलावर कांडीला धरून त्यांनी तोंड उघडलं, टॉर्च मारला, पोट दाबून पाहिलं. पोट दाबल्यावर कांडीनं आवाजसुद्धा केला नाही.

"कधीपासून खात नाही?"

"काल दुपारी साडेबारापासून."

"ओकली?"

"काल संध्याकाळी दोनदा, आज पहाटे एकदा. पिवळं."

"घरी काही औषध दिलंत?"

"नाही."

"धागा कुणी ओढला का?"

प्रश्न साधा होता. सतीश शेजारी उभा होता, तिच्याकडे बघत. राजश्रीच्या तोंडात शब्द तयार होता. सहा आठवड्यांपूर्वी जिथून आला होता तिथूनच आला होता, तितकाच सोपा. तिनं टेबलाची कड धरली.

"हो," ती म्हणाली. "मी ओढला. एवढा आला, मग अडला. तेव्हा सोडला."

डॉक्टरांनी वर पाहिलं. रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. न ओढलेला असता तर मी तो जिभेखाली कापून थोडी वाट बघितली असती. आता बघत नाही. धागा एकीकडे अडकतो आणि आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. ओढलं की तोच धागा आतडं कापतो. पोट उघडायला लागेल. एवढ्या लहान जिवाला भूल सोसेल की नाही, सांगता येत नाही. करू?"

"करा."

"कशाचा धागा आहे?"

"सूत आहे. तिच्या अंथरुणातलं," राजश्री म्हणाली. "तुम्ही विचारलं होतंत. मी नुसतं टॉवेल म्हणाले होते."

मदतनीस बाईला फोन लावून डॉक्टरांनी आतलं दार लोटून घेतलं.

बाहेर लोखंडी बाक होता. एप्रिल लागला होता. दहाच वाजले होते तरी सात रस्त्याकडून येणारा वारा तोंडाला भाजत होता. रिक्षावाले एकमेकांना हाका मारत होते. समोर उसाच्या रसाचं यंत्र घुंगरं वाजवत फिरत होतं. सतीशनं दोन ग्लास आणले, एक तिच्या हातात दिला. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"मी ओढला असता तर मेलंच असतं की गं," तो म्हणाला. "मला वाटलं, सूत हाय, त्यात काय."

"मलाही तेच वाटलं."

"तू निदान थांबलीस."

आतून काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येण्यासारखं तिथं काही नव्हतंही; मूठभर जनावर, आणि त्याच्या पोटात आईनं पिंजलेलं सूत. आईनं ते मायेनं घातलं होतं, आपण ते मायेनं ठेवलं होतं. राजश्रीला वाटलं, आता कांडी गेली तर तेही मनात पुरून टाकायला आपल्याकडे जागा आहे. भरपूर आहे. एकावर एक मावतील.

तास-सव्वा तासानं डॉक्टर बाहेर आल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "काढला. वीतभर होता. एका ठिकाणी आतडं चिरलं होतं, शिवलंय. अजून शुद्धीवर नाही. आलीच तर पुढचे दोन दिवस बघायचे. आशा आहे असं मी म्हणत नाही. पण आणखी उशीर केला असतात तर पोट उघडून करण्यासारखंसुद्धा काही उरलं नसतं. लोक अपचन म्हणून दोन-दोन दिवस घरी बसतात." त्या पुन्हा आत गेल्या.

सतीशचे डोळे भरून आले. मांजरासाठी नव्हतं ते. गेल्या सहा आठवड्यांत त्याला रडायला अशीच कसली तरी आडोशाची जागा लागायची.

"बघ," तो म्हणाला, "तुला कळलं म्हणून. तुझं ध्यान असतंय सगळीकडं. मी प्रियाला बी म्हणलो, आईला त्या दिवशी जरा जरी काय झालं असतं ना, तर अक्कानं तिला तशी सोडलीच नसती. खांद्यावर घालून न्हेली असती. तिला काय झालंच न्हाय, म्हणून…"

"सतीश."

"आं?"

राजश्रीनं रसाचा ग्लास बाकावर ठेवला. हात ओले होते, ते तिनं मांडीवर सरळ ठेवले.

"आईला झालं होतं. शनिवारी तीन वाजता ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, जबडा दुखतोय, पाठीत भरून आलंय."

सतीश बाकावर तिच्याकडे वळून बसला.

"मला माहीत होतं ते कशाचं असतं. मी वाचलेलं होतं. तिच्या हातात कांडी होती, आणि मला वाटलं, ही मांजर ठेवून घ्यायला सोंग करतेय. मी तिला सोडा-लिंबू दिलं आणि वाचत बसले. संध्याकाळपर्यंत वेळ होता, सतीश. गाडी होती, तू होतास. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास, आणि मी नाही म्हणाले. आई झोपेत गेली नाही. तिनं मला सांगितलं होतं. मी तिचं ऐकलं नाही."